यलोस्टोन आणि ग्रँड टीटन : भाड्याच्या मोटरहोममधून सहा जणांची उन्हाळी सहल, नियोजनासाठी सल्ला हवा आहे

गोदाकाठ

नमस्कार. येत्या मे महिन्यात माझे सासू-सासरे नाशिकहून आमच्याकडे डॅलसला येत आहेत. जूनच्या उत्तरार्धात सगळ्यांनी मिळून मोटरहोम, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घ्यावे आणि पश्चिमेकडची उद्याने पाहावीत, असा आमचा विचार आहे. आम्ही एकूण सहा जण आहोत: आम्ही दोघे, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात आणि रात्री त्यांना दोन-तीनदा उठावे लागते. सासूबाई बाहेरचे जेवण फारसे घेत नाहीत. या दोन कारणांमुळेच हॉटेलांपेक्षा मोटरहोम सोयीचे पडेल असे आम्हाला वाटते.

विमानाने सॉल्ट लेक सिटीला जाऊन तिथून गाडी घ्यायची आणि नऊ रात्रींनंतर तिथेच परत करायची, एवढे ठरले आहे. कच्चा मार्ग असा आखला आहे: प्रथम मोआबला जाऊन आर्चेस, तिथून उलट वळून यलोस्टोन, नंतर पूर्वेला माउंट रशमोर आणि मग परत सॉल्ट लेक. आम्ही दोघेही गाडी चालवतो, पण मोटरहोम कधी चालवलेले नाही. किती फुटांची गाडी घ्यावी, कॅम्पग्राउंडचे आरक्षण केव्हा करावे, आणि वयस्कर माणसांना घेऊन हा बेत मुळात शहाणपणाचा आहे का, यावर ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तांबडमाती

गोदाकाठ, सुरुवात मार्गापासून करू, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. सॉल्ट लेक ते मोआब सुमारे २३५ मैल, तेवढेच परत. तिथून वेस्ट यलोस्टोन गाव सुमारे ३२० मैल. यलोस्टोनच्या तलावापासून माउंट रशमोर साडेचारशे मैलांच्या आसपास आणि रशमोरहून सॉल्ट लेक सहाशेहून अधिक. उद्यानांतले फिरणे धरता हे दोन हजार मैल होतात. तुमच्या नेहमीच्या गाडीतून नऊ दिवसांत ते दमवणारे का होईना, पण शक्य आहे. मोटरहोममध्ये मात्र ताशी ५५-६० मैलांच्या वर चालवू नये, वारा सुटला तर त्याहूनही हळू चालवावे. शिवाय प्रत्येक थांबा लांबतो, कारण पेट्रोल पंपावर वळण्याआधीच बाहेर कसे पडायचे ते पाहावे लागते. नकाशावर जो वेळ दिसतो त्यात निदान एक चतुर्थांश वाढ धरूनच दिवस आखावा.

माझे मत विचाराल तर आर्चेस आणि रशमोर दोन्ही सोडून द्यावे. मोआबला जूनमध्ये पारा सहज १०० फॅरेनहाइटच्या पुढे जातो आणि दुपारी मुलांना बाहेर काढता येत नाही. फक्त ग्रँड टीटन आणि यलोस्टोन धरले तर सगळा प्रवास नऊशे ते हजार मैलांत बसतो आणि एका जागी दोन-दोन रात्री राहता येते. मोटरहोमची सगळी मजा गाडी उभी असतानाची आहे.

मुसाफिर७२

तांबडमातींशी सहमत आहे, पण माझ्या मते मार्गाच्याही आधी मुक्कामाच्या जागा पाहायला हव्यात. यलोस्टोनमध्ये वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी, म्हणजे पूर्ण हुकअप, असलेले कॅम्पग्राउंड एकच आहे, ते म्हणजे फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क (आरव्ही म्हणजे मोटरहोमसारखी वाहने). तो भाग अस्वलांचा असल्यामुळे तिथे तंबू चालत नाहीत, पक्क्या भिंतींची वाहनेच चालतात. मॅडिसन, कॅन्यन, ग्रँट व्हिलेज आणि ब्रिज बे येथेही मोटरहोम लावता येते, परंतु तिथे जोडणी नाही. ही पाचही ठिकाणे उद्यानातील लॉज चालवणाऱ्या कंपनीकडे असून त्यांचे आरक्षण जवळपास वर्षभर आधी सुरू झालेले असते. बाकीची काही लहान कॅम्पग्राउंड सरकारी संकेतस्थळावरून मिळतात, पण तिथल्या बऱ्याच जागा तुमच्या आकाराच्या गाडीला पुरणार नाहीत. ग्रँड टीटनमध्ये कोल्टर बे येथे पूर्ण हुकअपचे वेगळे आरव्ही पार्क आहे.

आरक्षण करताना गाडीची लांबी विचारतात आणि ती खरी सांगावी लागते. पंचवीस फुटांची म्हणून घेतलेल्या जागेवर तीस फुटांची गाडी नेली, तर पुढचे तोंड रस्त्यावर राहते. म्हणूनच आधी जागा मिळवाव्यात, त्या जागांना जी लांबी चालते ती लिहून घ्यावी आणि मग भाड्याची गाडी ठरवावी. लोक नेमके उलट करतात. फिशिंग ब्रिज आज भरलेले दिसले तरी निराश होऊ नका. रद्द झालेल्या जागा परत येत राहतात, रोज सकाळी एकदा पाहत जा.

उद्यानाच्या आत कॅम्पग्राउंडखेरीज कुठेही, म्हणजे वाहनतळावर किंवा रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत, रात्र काढता येत नाही. "बघू, तिथे गेल्यावर काहीतरी मिळेल" हा पर्याय तिथे नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

रानजाई

ताई, मी माझ्या आई-वडिलांना घेऊन अशी सहल केलेली आहे, म्हणून वयस्कर माणसांपुरते लिहिते.

भाड्याने देणाऱ्यांच्या पानावर "सात जण झोपू शकतात" असे लिहिलेले असते, त्यावर गाडी ठरवू नये. आधी आसनपट्टे किती आणि कुठे आहेत ते विचारावे. क्लास सी प्रकारच्या गाडीत चालकाच्या डोक्यावर एक दुहेरी पलंग, मागे एक दुहेरी पलंग, आणि जेवणाचे टेबल खाली करून तिसरे अंथरूण, अशी साधारण रचना असते. पुढची दोन आसने सोडली तर उरलेल्या चौघांना टेबलाच्या दोन बाजूंना किंवा सोफ्यावर बसावे लागते. त्यातही पुढे तोंड असलेल्या जागा दोनच असतात. मुलाचे कार-सीट बाजूला तोंड असलेल्या सोफ्यावर कधीच लावू नये. ते पुढे तोंड असलेल्या जागेवर लागते का आणि त्याचा वरचा पट्टा अडकवायला कडी आहे का, हे करारावर सही करण्याआधी लेखी विचारून घ्यावे. मागच्या पलंगावर धावत्या गाडीत कुणी झोपू नये. माझे वडील "जरा पाठ टेकतो" म्हणून दर तासाला तिकडे निघायचे, आणि तेवढ्यावरून आमचे वाद झाले.

मागचा पलंग सासू-सासऱ्यांना द्या. मात्र तो भिंतीला चिकटलेला आहे की दोन्ही बाजूंनी उतरता येते, हे आराखड्यात बघा. कोपऱ्यातल्या पलंगावर आतल्या माणसाला बाहेरच्याला ओलांडून यावे लागते, आणि रात्री दोन-तीनदा उठणाऱ्यासाठी ते जाचक आहे. वरचा पलंग तुम्हा दोघांना किंवा मुलीला. त्याची शिडी उभी असते, चार वर्षांच्या मुलाला तिथे एकटे झोपवू नये. गाडीत चढायच्या पायऱ्यासुद्धा उंच असतात. आम्ही एक छोटी, रुंद, न घसरणारी पायरी विकत घेऊन दाराशी ठेवत होतो. गुडघ्यांना तिचा मोठा आधार झाला.

बाकी बेत शहाणपणाचा आहे का, तर आमच्या बाबतीत नक्कीच होता. यलोस्टोनमध्ये बायसनांचा कळप रस्त्यावर आला की तासभर वाहने जागची हलत नाहीत. अशा वेळी गाडीतच शौचालय आणि गरम चहा असणे म्हणजे काय, हे साठीपुढच्या माणसांना विचारा.

निवांत

मी जरा विरुद्ध बाजू मांडतो. ज्यांनी मोटरहोम कधीच चालवलेले नाही, त्यांनी पहिल्याच खेपेला दोन ज्येष्ठ आणि दोन लहान मुले घेऊन डोंगरात जाऊ नये, असे मला वाटते. मिनीव्हॅन घ्यावी, स्वयंपाकघर असलेल्या खोल्या घ्याव्यात. रोज टाक्या रिकाम्या करणे, नळ्या जोडणे-काढणे, भांडी घसरू नयेत म्हणून कपाटे बंद करणे, यात सुट्टीतला बराच वेळ जातो आणि ते काम बहुधा घरातल्या एकाच माणसाच्या गळ्यात पडते. ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या फवाऱ्याजवळ १९०४ साली उघडलेले लाकडी ओल्ड फेथफुल इन आहे. दोन रात्री तिथे काढल्या तर सासू-सासऱ्यांच्या लक्षात राहतील.

हिशेबनीस

निवांत यांचा मुद्दा पैशाच्या अंगाने तपासून पाहू. हजार मैलांचा प्रवास धरला, तर तीस फुटांच्या आसपासचे मोटरहोम गॅलनला आठ ते दहा मैल देते, म्हणजे १०० ते १२५ गॅलन पेट्रोल लागेल. मिनीव्हॅनला त्याच अंतरासाठी चाळीस-पंचेचाळीस गॅलन पुरतील. त्याशिवाय मोटरहोमच्या भाड्यावर काय काय चढते ते पाहा: बहुतेक करारांत मैलामागे आकारणी असते किंवा ठरावीक मैल आधी विकत घ्यावे लागतात, जनरेटर जितके तास चालेल तितक्या तासांचे पैसे वेगळे, भांडी आणि अंथरूण-पांघरूण हवे असेल तर त्यांचे वेगळे, गाडी अस्वच्छ किंवा टाक्या भरलेल्या अवस्थेत परत केली तर दंड, आणि वर कर. कॅम्पग्राउंडचे रात्रीचे शुल्क निराळेच. दुसऱ्या पारड्यात दोन खोल्यांचे नऊ रात्रींचे भाडे आणि सहा जणांचे बाहेरचे जेवण टाका. मी जेव्हा जेव्हा हा हिशेब मांडला तेव्हा दोन्ही बाजू जवळपास सारख्या आल्या, आणि गर्दीच्या हंगामात उद्यानाच्या आतली खोली मिळणेच कठीण असते. स्वस्त पडेल या आशेने मोटरहोम घेऊ नये. शौचालय आणि स्वयंपाकघर सोबत हवे असेल तर घ्यावे, आणि तुम्हाला नेमके तेच हवे आहे.

विम्याकडे लक्ष द्या. तुमच्या स्वतःच्या गाडीचा विमा किंवा क्रेडिट कार्डावरचे संरक्षण मोटरहोमला बहुधा लागू होत नाही. भाड्याच्या कंपनीचा विमा घेतला तरी छताला झालेले नुकसान अनेकदा त्यातून वगळलेले असते. गाडीची उंची बारा फुटांच्या आसपास असते, पेट्रोल पंपाचे छप्पर आणि झाडांच्या फांद्या त्याच उंचीवर भेटतात. नेमका आकडा कागदावर लिहून चालकासमोर चिकटवून ठेवावा. दोघेही चालवणार असाल तर दोघांचीही नावे करारात हवीत.

एक आणखी. उद्यानप्रवेशाचे शुल्क २०२६ पासून अमेरिकेबाहेर राहणाऱ्या अभ्यागतांसाठी वेगळे झाले आहे. ज्या ११ उद्यानांत ते जास्तीचे लागते त्यांत यलोस्टोन आणि ग्रँड टीटन दोन्ही आहेत. सासू-सासरे पाहुणे म्हणून येत असल्याने निघण्याआधी उद्यानाच्या अधिकृत पानावरचे नियम वाचून घ्या आणि ओळखपत्रे हाताशी ठेवा.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. घरी सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. आर्चेस आणि रशमोर रद्द केले आहेत. निवांत, तुमचा मुद्दा पटण्यासारखा आहे, पण सासूबाईंनी "मला माझा ओटा सोबत हवा" असे स्पष्ट सांगितल्यामुळे मोटरहोम कायम राहिले.

आता दोन शंका आहेत. फिशिंग ब्रिजच्या दोन रात्री मिळताहेत, पण मधल्या तारखा तिथे नाहीत. मॅडिसनला दोन रात्री मिळू शकतात, आणि तिथे जोडणी नाही. सहा माणसे, त्यांत दोन लहान मुले, अशा ठिकाणी कशी राहतील? आणि डाळ-भात, पोळी-भाजी असा नेहमीचा स्वयंपाक या ओट्यावर जमतो का?

सुगरण_डेन्व्हर

स्वयंपाकाचे मी सांगते. कुकर घेऊन जा, त्याला पर्याय नाही. फिशिंग ब्रिज समुद्रसपाटीपासून जवळजवळ ७,८०० फुटांवर आहे आणि तिथे पाणी साधारण ९२ अंश सेल्सिअसलाच उकळते. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायला फार वेळ लागतो, आणि तोवर शेगडीचा प्रोपेन वायू संपत राहतो. कुकरमध्येही डॅलसपेक्षा थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. मुगाची डाळ, मसूर आणि भिजवलेले मूग लवकर होतात, म्हणून तूर आणि राजमा घरीच ठेवा. शेगडीला दोन किंवा तीन ज्योती असतात, पण त्या इतक्या जवळजवळ की दोन मोठी पातेली शेजारी मावत नाहीत.

पोळ्यांपेक्षा थालीपीठ, धिरडी आणि घरून करून नेलेल्या दशम्या बऱ्या. मिक्सर जोडणीच्या ठिकाणी किंवा जनरेटर चालू असतानाच चालतो, मायक्रोवेव्हचेही तसेच. चटण्या, गोडा मसाला, भाजलेले दाण्याचे कूट आणि उपम्यासाठी भाजलेला रवा हे सगळे डॅलसहून न्यावे. विमानात वजन नको असेल तर सॉल्ट लेकच्या उपनगरांत भारतीय किराणा मिळतो, तो गाडी ताब्यात घेण्याआधीच घेऊन ठेवावा. मिरचीची फोडणी देताना छतावरचा झरोका आणि पंखा दोन्ही आधी चालू करा. मोटरहोम एवढेसे असते की धुराचा भोंगा हमखास वाजतो, आणि मुले घाबरतात. शेगडीचा उपयोग गाडी गरम करण्यासाठी कधीही करू नये, त्यासाठी वेगळी भट्टी असते.

फ्रिज घरच्यापेक्षा निम्म्याहून लहान. दही, पनीर आणि चिरलेल्या भाज्या एवढेच त्यात बसते. जुन्या पद्धतीचा, प्रोपेनवर चालणारा फ्रिज असेल तर गाडी सपाट उभी नसल्यास तो नीट थंड करत नाही, म्हणून चाकांखाली घालायच्या ठोकळ्यांची मागणी कंपनीकडे आधीच करा.

जेवण बाहेरच्या टेबलावर केले तर उठताना एक दाणाही मागे ठेवू नका. तेलाचा डबा, कचऱ्याची पिशवी, कूलर, भांडी, सगळे गाडीच्या आत घेऊन दार बंद करायचे. तिथले कर्मचारी फिरून पाहतात आणि नियम कडक आहेत, कारण माणसांच्या अन्नाला चटावलेल्या अस्वलाला शेवटी मारावे लागते.

तांबडमाती

मॅडिसनच्या दोन रात्री सहज निघतील, फक्त पाण्याचा आणि विजेचा हिशेब सगळ्यांना समजलेला हवा. या आकाराच्या गाडीत स्वच्छ पाण्याची टाकी साधारण ३५ ते ४० गॅलनची असते. घरात तेवढे एक-दोघांच्या अंघोळीतच संपते, इथे सहा जणांना दोन दिवस काढायचे आहेत. तिथे फवाऱ्याखाली अंघोळ नको. मुलांना ओल्या पंचाने पुसून घ्या, मोठ्यांनी हवे तर अंग भिजवून नळ बंद करून साबण लावावा आणि मग थोडक्यात धुवावे. फिशिंग ब्रिजहून निघताना तिथल्या सशुल्क स्नानगृहात सगळ्यांच्या अंघोळी आणि कपडे धुण्याच्या यंत्रात कपडे आटोपून घेतले तर मॅडिसन सोपे जाते. भांडी धुण्याआधी तेलकट ताटे कागदाने पुसून घ्यावीत, कारण ओट्याचे आणि न्हाणीचे पाणी जिथे साठते ती करडी टाकी शौचालयाच्या काळ्या टाकीच्या आधी भरते. ते पाणी जमिनीवर सोडायला सक्त मनाई आहे.

विजेचे असे आहे की दिवे, पाण्याचा पंप आणि भट्टीचा पंखा बॅटरीवर चालतात. तिथे जूनमध्येही रात्री तापमान गोठणबिंदूजवळ जाते आणि कधी बर्फही पडते, म्हणून भट्टी रात्रभर अधूनमधून सुरू होणारच. भट्टी प्रोपेनवर असली तरी तिचा पंखा बॅटरी खातो. जनरेटर चालवायची परवानगी त्या कॅम्पग्राउंडांत सकाळी आठ ते रात्री आठ एवढीच असते, तेव्हा संध्याकाळी सहा ते आठ या वेळात जनरेटर चालवून बॅटरी भरून घ्या, फोनही त्याच वेळात. सासऱ्यांना झोपेत श्वासाचे यंत्र लागत असेल तर ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते, तसे असल्यास कळवा.

आता सगळे ज्याला बिचकतात ते काम. शौचालयाची काळी टाकी आणि करडी टाकी दोन्ही डम्प स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडण्याच्या ठरावीक जागी, रिकाम्या करायच्या. मॅडिसनलाही डम्प स्टेशन आहे. आधी काळी, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आतून धुऊन निघते. फिशिंग ब्रिजला जागेवरच सांडपाण्याची जोडणी असली तरी काळ्या टाकीची झडप उघडी ठेवू नका. ती निदान दोन-तृतीयांश भरू द्यावी आणि मग एकदम सोडावी. झडप सतत उघडी राहिली तर पाणी वाहून जाते, घट्ट भाग तळाशी साचतो आणि मग जो प्रसंग ओढवतो त्याचे वर्णन मी जेवणाच्या वेळी वाचणाऱ्यांसाठी टाळतो. शौचालयात पाणी सढळ हाताने सोडावे, कागद लवकर विरघळणारा वापरावा, ओले वाइप्स आत टाकू नयेत. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी, तिचे हातमोजे वेगळे, आणि डम्प स्टेशनवर नळी धुण्यासाठी जो नळ असतो त्याचे पाणी टाकीत कधीही भरायचे नाही. तुमच्याकडे पाण्याने स्वच्छता करण्याची सवय असणार. त्याने टाकीचे काही बिघडत नाही, उलट बरेच आहे, फक्त टाकी लवकर भरते एवढे ध्यानात ठेवा.

मुसाफिर७२

मॅडिसन घेऊनच टाका. तिथून ओल्ड फेथफुल १६ मैल, नॉरिस १४ मैल आणि पश्चिमेचे प्रवेशद्वार १४ मैल, म्हणजे गरम झऱ्यांचा सगळा पट्टा हाताशी येतो. फिशिंग ब्रिजहून कॅन्यन १६ मैल, आणि मधल्या हेडन खोऱ्यात बायसन हमखास दिसतात. दोन तळ असे निवडले की रोज मोटरहोम घेऊन लांब जावे लागत नाही. लामार खोरे लांडग्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण फिशिंग ब्रिजहून ते चाळीस मैलांहून दूर आहे, मध्ये ८,८०० फुटांपेक्षा उंच असलेली डनरेव्हन खिंड आहे आणि उद्यानात वेगाची मर्यादा ताशी ४५ मैलांची आहे. पहाटे चारला मुलांना उठवण्याची तयारी नसेल तर सोडून द्या.

मोठ्या गाड्यांना जागा मिळणे ही तिथली खरी अडचण आहे. ग्रँड प्रिझमॅटिक झऱ्याच्या मिडवे वाहनतळावर दहा वाजल्यानंतर तीस फुटांची गाडी शिरवणे जवळजवळ अशक्य होते. तिथे सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जावे. ओल्ड फेथफुलला मात्र मोठ्या वाहनांसाठी प्रशस्त जागा आहे. तिथे फवारा साधारण दीड तासाने उडतो आणि पुढची अपेक्षित वेळ अभ्यागत केंद्रात लिहिलेली असते. सासऱ्यांना बाकावर बसून पाहता येईल. लाकडी मार्ग सोडून कुणीही खाली पाऊल ठेवायचे नाही, चार वर्षांच्या मुलाचा हात तर तिथे सुटताच कामा नये, कारण जमिनीचे वरचे कवच पातळ असते आणि खाली उकळते पाणी असते. बायसनपासून २५ यार्ड आणि अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड अंतर राखण्याचा नियम आहे.

रानजाई

उंचीबद्दल एक राहिले. पहिले दोन दिवस ज्येष्ठांना धाप लागणे, डोके दुखणे होऊ शकते. पाणी भरपूर प्यायला लावा, चालणे कमी ठेवा आणि रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. उद्यानात मॅमथ, लेक आणि ओल्ड फेथफुल येथे उन्हाळ्यात दवाखाने चालू असतात. मोबाइलला बहुतेक ठिकाणी संपर्क नसतो, त्यामुळे ही ठिकाणे आणि नकाशे आधीच उतरवून ठेवावेत.

निवांत

बरे, मोटरहोमच घेताय तर रस्त्याचे एक सांगतो. सॉल्ट लेकहून जॅक्सनला जाताना फोनवरचा नकाशा तुम्हाला आयडाहोतल्या स्वान व्हॅलीतून व्हिक्टरमार्गे टीटन खिंडीने नेऊ शकेल. तिथे चढ-उतार दहा टक्क्यांचा आहे. मोटरहोमने तो रस्ता घेऊ नये. आयडाहो फॉल्सहून स्वान व्हॅलीतून सरळ पुढे पॅलिसेड्स धरणाच्या काठाने अल्पाइनला या, तिथून स्नेक नदीच्या घळीतून जॅक्सनला जा. अंतर थोडे वाढते, उतार सौम्य राहतात. तरीही उतारावर सारखा ब्रेक दाबून न ठेवता खालचा गिअर किंवा टो/हॉल (ओझे ओढण्यासाठीचा) मोड वापरावा. टीटन उद्यानातला मूस-विल्सन रस्ता आणि सिग्नल माउंटनच्या माथ्यावर जाणारा रस्ता मोटरहोमला बंद आहेत, नकाशाला हे ठाऊक नसते.

वळताना मागचा भाग वळणाच्या उलट दिशेला बाहेर झुलतो. पहिल्या दिवशी एखाद्या रिकाम्या वाहनतळावर अर्धा तास फक्त वळणे आणि मागे घेणे याचा सराव करा, आणि मागे घेताना दुसऱ्याने खाली उतरून आरशात दिसेल असे उभे राहून खुणा करायच्या.

गोदाकाठ

आरक्षणे झाली. पहिली रात्र ऑग्डेनजवळ, दुसरी आयडाहो फॉल्सला, मग कोल्टर बे, फिशिंग ब्रिज आणि मॅडिसन येथे प्रत्येकी दोन रात्री, आणि शेवटची रात्र ब्रिगहॅम सिटीला, कारण गाडी सकाळी अकराच्या आत परत द्यायची आहे. सर्व जागांना तीस फुटांपर्यंतची गाडी चालते, म्हणून अठ्ठावीस फुटांची क्लास सी ठरवली. मागचा पलंग दोन्ही बाजूंनी मोकळा आहे आणि कार-सीटची कडी असल्याचे कंपनीने लेखी कळवले आहे. टाक्यांचे काम यजमानांनी स्वतःहून अंगावर घेतले आहे, हा धागा वाचल्यानंतरसुद्धा. सासऱ्यांना श्वासाचे यंत्र लागत नाही.

मॅडिसनहून ब्रिगहॅम सिटी एका दिवसात २७० मैलांच्या पुढे जाते. ते जास्त होईल का? आणि गाडी ताब्यात घेताना नेमके काय तपासावे?

तांबडमाती

त्या दिवशी सकाळी आठला निघालात तर चालेल. वेस्ट यलोस्टोनहून पुढचा बराचसा रस्ता रुंद आहे, दोघांनी वाटून घ्या आणि आयडाहो फॉल्सला नदीकाठी जेवायला थांबा. स्नेक नदीच्या मैदानात दुपारनंतर वारा वाढतो, म्हणून तो टप्पा लवकर उरकलेला बरा.

गाडी घेताना दाखवणाऱ्या माणसाची अनुमती घेऊन त्याच्या संपूर्ण प्रात्यक्षिकाचे चित्रीकरण करा. तिसऱ्या रात्री गरम पाण्याची कळ कुठे आहे हे कुणालाच आठवत नाही. बाहेरून छतासह चारही बाजूंचे, काचेवरच्या तड्यांचे आणि चाकांचे वेगळे चित्रण करून त्यांच्या कागदावर प्रत्येक ओरखडा नोंदवून घ्या. मग स्वतः एकेक गोष्ट चालवून बघा: भट्टी, पाण्याचा पंप, शेगडीच्या सगळ्या ज्योती, विजेवर आणि प्रोपेनवर फ्रिज, जनरेटर, दोन्ही टाक्यांच्या झडपा, धूर आणि वायूचे भोंगे. प्रोपेनची टाकी भरलेली आहे का आणि जनरेटरच्या तासांचा आकडा किती आहे, हे फोटोसकट लिहून ठेवा. सांडपाण्याची नळी उलगडून तिला भोक नाही ना ते तिथेच पाहा. ३० अँपिअरच्या जोडणीला लागणारा अडॅप्टर आणि विजेच्या उसळीपासून वाचवणारे यंत्र मिळते का तेही विचारा. पेट्रोल भरताना प्रोपेन बंद करायची सवय पहिल्याच पंपापासून लावून घ्या. या सगळ्याला दोन तास लागतात. दुपारी तीनला गाडी हातात आली तर पाचला निघाल, ऑग्डेन तिथून तासाभराच्या आत आहे, उजेडातच पोहोचाल.